वगळलेला शब्द

सरळच सांगतो. मला डिग्री नाही. कॉलेज अर्धवट सुटलं, बाकी जे काही येतं ते स्क्रीनसमोर बसून, डोकं आपटून शिकलोय. आणि त्यातलं सगळ्यात चांगलं येतं ते म्हणजे अलर्ट लावणं.

माझी सख्खी ताई भाजलेल्या जखमांवरच्या पट्ट्यांवर संशोधन करते. जगात कुठेही त्यावर नवा लेख छापून आला की आपोआप मेल यावी, ही सोय मी लावून दिली. ऐकायला सोपं वाटतं. पण नुसता 'बर्न' शब्द टाकला तर जंगलं जळून यायची, कॅलरी जळून यायच्या, नोकरीला वैतागलेली माणसंसुद्धा यायची. मग एकेक शब्द वगळत गेलो. हळूहळू मेल अशी चाळून यायला लागली की सकाळी चहा उकळेपर्यंत माझं सगळं वाचून व्हायचं. मग ताईला मेसेज. 'यातले दोन वाच, बाकीचे सोड.'

वाचता वाचता एक गोष्ट खटकली. जखम किती दिवसांत बरी झाली, हे जो तो आपापल्या सोयीने मोजत होता. कुणी भाजल्याच्या दिवसापासून, कुणी दवाखान्यात दाखल केल्यापासून. मी सगळे लेख परत उकरले, सगळ्यांचे दिवस भाजल्यापासून मोजले आणि तक्ता केला. फार नावाजलेल्या पट्ट्या धाडकन खाली आल्या.

ताई बघतच राहिली. "अरे गधड्या, हा तर अख्खा रिव्ह्यू आहे!"

रिव्ह्यू म्हणजे आधीच्या सगळ्यांच्या कामाचा आढावा घेणारा लेख.

"आपण दोघं मिळून लिहू," ती म्हणाली. "तुझं नाव दुसरं."

लिहिला. मराठीत विचार करून तोडक्यामोडक्या इंग्रजीत मी लिहायचो, ती सुधारायची, हसायची. मग लेख तिच्या सरांकडे वाचायला गेला आणि तिथेच राहिला.

मध्येच एकदा ताई म्हणाली, "ए, अलर्टमधून रिव्ह्यू हा शब्दच वगळ ना. तेच तेच उगाळतात मेले. मला नवे प्रयोग हवेत."

खरंच होतं ते. वगळला.

मग एका संस्थेच्या ग्रंथालयात जागा निघाली. काम हेच, तिथल्या संशोधकांना अलर्ट लावून द्यायचे. वाटलं, माझ्यासाठीच काढलीये. तिथल्या मॅडमना माझं काम आवडलं, पण त्या स्पष्ट म्हणाल्या, "डिग्री नाही तर नाव असलेला एक तरी लेख दाखवा. महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवते."

"ताई, होईल ना तोवर?"

"सरांकडे आहे रे. धीर धर."

धरला.

आता गंमत. आमच्या तक्त्यातल्या एका जुन्या लेखावर मी वेगळाच अलर्ट लावून ठेवला होता. त्या लेखाचा कुणीही हवाला दिला की मेल. तो अलर्ट शब्द बघत नाही, लेखाच्या शेवटची संदर्भांची यादी बघतो. ताईला तो माहीतच नव्हता. आज सकाळी त्याची मेल आली. उघडली. माझा तक्ता. वर ताईचं नाव, सरांचं नाव, सरांच्या कुठल्यातरी विद्यार्थ्याचं नाव. शेवटी आभार, 'घरच्यांच्या सहकार्याबद्दल'. घरचे! म्हणजे बाबा आणि मी मिळून एक.

ताईच्या नावाचा अलर्ट मी कधी लावलाच नव्हता. बाजूच्या खोलीत झोपणाऱ्या माणसाचा अलर्ट कोण लावतं?

स्वयंपाकघरात ती डबा भरत होती. लॅपटॉप ओट्यावर ठेवला.

"हे कधी आलं?"

झाकण तिच्या हातातच राहिलं. "तुला कसं कळलं?"

बघा. 'सांगणारच होते' नाही, 'चुकलं' नाही. थेट, तुला कसं कळलं!

"सर म्हणाले, डिग्री नसलेल्याचं नाव दिसलं की छापणारे शंका काढतात. मी भांडले रे, शपथ."

"आणि रिव्ह्यू वगळायला लावलंस ते?"

तिने झाकण लावलं आणि दाबत बसली. बसलेलंच झाकण.

"तुझी नोकरी झाली की सांगणार होते."

"कशाच्या जोरावर होणार होती नोकरी, ताई?"

बाहेरून बाबा म्हणाले, "सकाळी सकाळी नको रे. आडनाव तर घरचंच आहे ना त्यात?"

म्हणजे बाबांनाही माहीत होतं. मागे ताईने आम्हाला 'असंच' बाहेर जेवायला नेलं होतं. बाबांनी तिची पाठ थोपटली होती. मी मूर्खासारखं दोनदा आइस्क्रीम मागवलं.

तिथेच उभं राहून मॅडमना फोन लावला. ताईचा चेहरा पांढरा पडला.

"आला का लेख?" मॅडमनी विचारलं.

"आला. माझं नाव नाहीये."

"काम तुमचंच होतं?"

"हो."

"दाखवता येईल तसं?"

येत होतं. सगळे जुने मसुदे तारखांसकट माझ्याकडे आहेत. ताई ओट्याला घट्ट धरून उभी होती, लहानपणी बाबांसमोर उभी राहायची तशी.

"नाही," म्हटलं.

"मग मी तरी काय करू हो? दुसरी एक मुलगी आहे, तिला बोलावते. राग मानू नका."

फोन ठेवला. ताईने एवढा मोठा श्वास सोडला की मला इकडे ऐकू आला. डोळे पुसले, डबा पिशवीत टाकला, चपला शोधल्या. आणि दारातून, अगदी रोजच्या आवाजात, "आजच्या अलर्टमध्ये वाचण्यासारखं काही आहे का रे? सरांबरोबर मीटिंग आहे."

होतं. ती ज्या पट्टीवर काम करते तिच्यावरच, एकदम नवं, तिचं सगळं गणित फिरवणारं.

"काही नाही," म्हटलं.