काच बसवलेला डबा

पमीनं भिंतीकडे तोंड फिरवलं ते दिवाळी झाल्यावर. त्याआधी ती दाराकडे बघत पडायची. दारातून अंगण दिसे, अंगणापलीकडे गल्ली, आणि गल्लीतून दोंडाईच्याच्या टेसनाकडे कापूस घेऊन जाणाऱ्या गाड्या. कोणत्या बैलाचं शिंग मोडकं, कोणता गाडीवान डुलक्या घेतो, सगळं पोरीला पाठ. पाठीच्या मणक्याला कीड लागलेली म्हणून सात वर्षांचं लेकरू फळीवर उताणं. हलवायची ती फक्त मान. तीच मान तिनं एक दिवस भिंतीकडे वळवली आणि तिथंच ठेवली. घास तोंडाशी नेला तरी ओठ मिटलेले.

धुळ्याच्या डॉक्टरांनी तिच्या बापाला, लोटनला, बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तिला आवडेल ते द्या." लोटननं घरी येऊन ते शब्द तसेच बायकोच्या, शेवंताच्या पदरात टाकले आणि टोपी घालून कापसाच्या जिनावर कामाला निघून गेला. शेवंता चुलीपुढे बसून राहिली. डॉक्टर असं केव्हा म्हणतात, ते न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. पोर उठेल, परकराचा ओचा धरून अंगणात पळेल, हे मागणं तिनं त्याच दिवशी देवापुढून उचलून घेतलं. आता एकच मागायचं राहिलं होतं. पमीनं भिंतीवरून नजर काढावी.

पण आवडेल ते म्हणजे काय? बाहुली झाली, शेवेचा लाडू झाला, गोठ्यातल्या गाईचं वासरू दारात आणून बांधलं. पमी भिंतच बघत राहिली.

सकाळी ज्वारी दळताना शेवंताच्या मनात काहीबाही येत असे. हात जात्यावर आणि मन चौफेर. जातं फिरतं तेवढीच काय ती आपली यात्रा, असं तिला वाटे. अशीच एकदा तिला नदी आठवली. ती धुणं धुवायला जायची तेव्हा धडधाकट पमी पाण्यात पाय सोडून बसायची. बारके मासे येऊन तिच्या बोटांना टोचायचे आणि पोर खदखदून हसायची. पमीला नदीवर नेता येत नव्हतं. मग नदीचा तुकडा घरात आणला तर?

फाल्गुनातल्या वावटळीत जिनाच्या खोलीचं तावदान फुटलं. त्यातला मोठा तुकडा तिनं लोटनकडून मागून घेतला. घासलेटचा रिकामा डबा घरात होताच. त्याची एक बाजू तिनं छिन्नीनं कापून काढली, पत्र्याची कड चारी अंगांनी आत वळवली. दुपारी घर निजलं की ती मागच्या पडवीत बसे. डब्याचा वास जाईना. राख झाली, चिंच झाली, उकळतं पाणी झालं. हात सोलवटले तेव्हा कुठं वास गेला. काच बसवायला आधी कणकेत चुना मळून लावला. पाणी भरताच ती लापशी होऊन वाहून गेली. मग सोनाराकडून राळ आणली, मेणात वितळवली, थोडं जवसाचं तेल घातलं, आणि काचेच्या कडेनं बोटानं लिंपली. बोटाला फोड आला. पण थेंब गळेना.

पाणी भरलेला डबा तिनं पमीच्या फळीशेजारी तिवईवर ठेवला तेव्हा दारातून ऊन येत होतं. पाण्यावरून ते उसळलं आणि समोरच्या भिंतीवर थरथरत उभं राहिलं. पमी त्या थरथरीकडे बघत राहिली. बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज आला.

"माय, हाई काय हाली ऱ्हायनं?"

"पाणी शे बेटा. मांगे वळीसन देख."

पमी वळली नाही. पण तिनं विचारलं होतं. शेवंता आत जाऊन पदरानं डोळे पुसून आली.

घरात सासू होती धुरपदाबाई. सगळं गाव तिला अक्का म्हणे. गळ्यात तुळशीची माळ. घरात साबण येऊ द्यायची नाही, साबणात चरबी असते म्हणे. धुणं, न्हाणं, तिचं रेशमी लुगडंसुद्धा, सगळं शिकेकाईनं नाहीतर हिंगणाच्या फळांनी. न्हाणीच्या दगडाजवळ भिजवलेल्या हिंगणांची कुंडी कायम. तिनं डबा पाहिला आणि कमरेवर हात ठेवले.

"हाई काय मांडं शे व?"

"मासा ठेवाले, अक्का."

"मन्हा गळामा माळ, आन् घरमा मासा?"

"खावाले नही अक्का, देखाले."

"मासा काय देखानी चीज शे? आज देखशी, सकाळ तळशी!"

शेजारची भिकुबाई विस्तव न्यायला आली होती. ती कशी गप्प बसेल? "घासलेट सरी गयं व्हई, अक्का. आते तुन्ही सून दिवामा मासा जाळी!"

अक्का तिच्यावरच उखडली. "तू तुन्हा विस्तव ले आन् चालती व्हय. मन्ही सून काय करी ते मी देखसू." शेवंताला तेवढ्यात परवानगी मिळाली.

नदी आटत चालली होती. डोहाच्या बुडाशी उरलेल्या पाण्यात तिनं पदर बुडवून तीन मासे धरले, बोटाएवढे, चंदेरी. एकाच्या शेपटीजवळ काळा ठिपका. लोट्यात घालून घरी आणले, डब्यात सोडले. मासे काचेजवळ आले, तोंडं उघडमीट करत उभे राहिले, जसे कुणाला तरी बोलावताहेत.

"पमे, कोन वनं देख."

भिंतीकडची मान हलली. हळूहळू, दुखत दुखत ती इकडे वळली. 

"टिकली लाई शे त्यानी," पमी ठिपकेवाल्याकडे बघून म्हणाली.

त्या दिवशी तिनं अर्धी भाकर खाल्ली. उरलेल्या भाकरीचा चुरा माशांना घालायला लावला. मग रोजच तसं. ठिपकेवाल्याचं नाव टिकल्या पडलं. टिकल्या आधी खातो, दुसरे वाट बघतात, त्याला शेवंतानं दटावावं. टिकल्या रात्री झोपतो का, माशाला तहान लागते का. शेवंतानं कधी सांगितलं, कधी म्हणाली, "माले काय माहीत, त्यालेच इचार." पोरीच्या हातापायाच्या काड्या तशाच होत्या, रात्रीचं कण्हणंही तसंच. आपण काही जिंकलेलं नाही हे शेवंताला कळत होतं. पण भाकरी भाजता भाजता मान वळवली की पमीचं तोंड दिसायचं.

अक्का आधी डब्याला वळसा घालून जायची. एके दुपारी शेवंतानं पाहिलं, सासू चवड्यावर बसून काचेवर बोट फिरवत होती आणि मासे त्या बोटामागे फिरत होते. पमी हसत होती. शेवंताला पाहताच अक्का उठली आणि माळेला हात लावून म्हणाली, "पाणीमाना लेकरं शेतस. देखात तं काय पाप लागस?"

चैत्रात काच हिरवट झाली. मासे धूसर दिसू लागले. शेवंतानं ते पाण्यासकट मडक्यात काढले, डबा राखेनं घासायचं मनाशी ठरवलं आणि घागर घेऊन नदीवर निघाली. डोह आटून भेगा पडलेल्या. वाळूत झिरा खणला, वाटीवाटीनं पाणी भरलं. फार वेळ गेला. येताना तिला वाटत होतं, आज स्वच्छ काचेतून टिकल्या बघून पोर काय म्हणेल?

उंबऱ्यातच तिला वास आला. आंबूस, फेसाळ, ओळखीचा. तिच्या माहेरचा वास. तिचं माहेर तापीकाठचं. उन्हाळ्यात माणसं डोहात हिंगणाची फळं कुटून कालवायची. पाण्यावर फेस चढायचा, आणि घटकाभरात डोह पांढऱ्या पोटांनी भरून जायचा. पोरं टोपल्या घेऊन धावायची. ती स्वतः धावलेली होती.

माहेरचं हिंगण माशांचं, सासरचं हिंगण लुगड्यांचं. दोन्ही एकच झाड, हे आजवर तिच्या मनात आलंच नव्हतं. मग अक्काला आधी सांगून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता.

डबा तिवईवर होता. काच आरशासारखी लखलखत होती, वरच्या कोपऱ्यात फेसाचा एक तुरा. अक्का पदरानं घाम पुसत उभी होती; थकलेली, पण चेहऱ्यावर नवी नवरी सजवून उभी केल्यासारखं समाधान.

"तू पाणी लेवाले गयथी, मी म्हणं तुन्हा हाताले तेवढाच आराम. घसी घसी धुयं. रांजणमा पाणी कमी व्हतं, एकदाच खंगायं. आन् देख, मासाबी मीच सोडात, ह्या हातघाई!" तिनं आपली माळकरणीची ओंजळ पुढे केली.

मासे वर तरंगत होते. शेवंतानं घाईनं घागर उतरवली, झिऱ्याचं पाणी परातीत ओतलं, एकेकाला हातात धरून त्यात सोडलं. टिकल्याचा कल्ला एकदा उघडला. पुन्हा उघडेल म्हणून ती बघत राहिली.

"काय व्हयनं व?" अक्काचा आवाज बारीक झाला.

शेवंतानं सासूकडे पाहिलं. हिंगणाच्या सालीनं पिवळी पडलेली, सुरकुतलेली बोटं. सत्य जिभेवर आलं होतं. ते सांगून मासे उठणार नव्हते. आणि पमी गेल्यावर या घरात उरणार कोण, तर हीच.

"ऊन लागनं, अक्का. पाणी तपी गयं व्हई."

"चैतनं ऊनच तसं शे," अक्का म्हणाली. मग धीर देत, "दुसरा लई ये. पुढला खेपले बी डबा मीच धुसू."

"हं, अक्का."

पुढली खेप कुठून येणार? नदीत ओंजळभर पाणी नव्हतं, आणि पावसाळ्याचं नाव काढायला शेवंताचं मन धजत नव्हतं.

फळीवरून पमी परातीत बघत होती. "माय, मासा बी उताना निजनात."

"हं, बेटा."

"आते उठतीन का?"

शेवंतानं परात नजरेआड सरकवली.  पमीनं डोळे मिटले, उघडले, आणि हळूहळू, दुखत दुखत मान भिंतीकडे वळवली.

अक्का परात घेऊन मागं गेली, तुळशीशेजारी खड्डा खणायला. शेवंतानं घागरीतलं उरलेलं पाणी डब्यात ओतलं. दारातून ऊन येत होतं. ते पाण्यावर पडलं आणि भिंतीवर, पमीच्या डोळ्यांसमोर, थरथरत उभं राहिलं. 

पाणी स्थिर होऊ लागलं. भिंतीवरची थरथर मंद झाली. शेवंतानं बोटानं डब्याला टिचकी मारली. उजेड पुन्हा हलला. अक्कानं चुलीवर ठेवलेला तवा तापून धूर सुटला होता, मागून ती हाका मारत होती. शेवंता टिचक्या मारत राहिली.