दोन एसएसडींना दोन स्लॉट

"काका, दोन एसएसडी बसणाऱ्या या कार्डावर लिनक्सला दोन्ही दिसतील का?" चेतनाने विचारलंच. मालाडच्या कॉम्प्युटरच्या दुकानात ती तोंड उघडणार नाही, अशी पैज तिची मैत्रीण श्रुतिकाने लावली होती. आता तीच मागे उभी राहून हसू दाबत होती.

पप्पांच्या भीमगीतांची निम्मी रेकॉर्डिंग्ज मागच्या महिन्यात बिघडलेल्या हार्डडिस्कबरोबर गेली होती. उरलेली आपल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये दोन एसएसडींवर, दोनदा ठेवायची, असं चेतनाने घरी छातीठोकपणे सांगून टाकलं होतं.

दुकानदार काकांनी तिच्या मोबाइलवरचा मदरबोर्डाचा फोटो मोठा करून बघितला. "लिनक्सची काही अडचण नाही गं. पण या जोडकार्डासाठी बोर्डाने एक स्लॉट, म्हणजे कार्डाची खाच, दोन्ही एसएसडींत वाटून द्यावा लागतो. तुझ्या बोर्डाला ते जमत नाही. एकच दिसेल."

"मग एकेका एसएसडीची दोन साधी कार्डं घेतली तर?"

"झकास चालतील. स्लॉट मात्र दोन रिकामे हवेत."

रिकामा एकच होता. दुसऱ्यात ग्राफिक्स कार्ड होतं, वर्षभर हट्ट करून मिळवलेलं.

"वाट लागली ना तुझ्या गेमची!" श्रुतिका म्हणाली.

"गप गं," म्हणत चेतनाने दोन साधी कार्डं घेतली.

घरी येऊन चपला काढायच्या आधीच तिने जाहीर केलं, "आई, पप्पा, ऐका. ग्राफिक्स कार्ड मी काढतेय. स्क्रीन त्याच्याशिवाय चालते. गेम नाही चालणार, पण गाणी दोन्हीकडे राहतील."