आत्या आहे

दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत परदेशी विद्यार्थ्यांचा संभाषणाचा वर्ग भरायचा. बाहेरून शिकायला आलेल्यांची इथल्या भाषेशी भीड चेपावी, एवढाच त्याचा हेतू. परीक्षा नाही, हजेरी नाही. नियम एकच: आपापली भाषा दाराबाहेर ठेवून यायचं. कुणाच्या तोंडून घरचा शब्द निसटलाच, तर त्यानं उठून फळा पुसायचा. आजवर सगळ्यांत जास्त वेळा फळा पुसला होता तो ताईच्या धाकट्या भावानं.

ताई हे काही तिचं नाव नव्हे. पण धाकटा पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर तिला ताई म्हणाला आणि शिकवणाऱ्या बाईंनी तेच नाव समजून वहीत लिहून घेतलं. ते दुरुस्त करायचा तिला कंटाळा आला. त्यामुळे साठीला टेकलेल्या बाईही तिला ताई म्हणत आणि शेजारी बसणारा दाढीवाला बेकरीवालाही.

ताई तेहेतीस वर्षांची. ती खोटे दात बनवायला शिकत होती. मेणाची दाढ कोरायची, साच्यात घालायची, मग तासन् तास घासत बसायचं. हात स्थिर, बोलणं मोजकं. धाकटा तेवीस वर्षांचा, यंत्रांचं शिक्षण घेणारा. दोघं निघाले तेव्हा बाबांनी त्याला बाजूला घेऊन ताईवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. दहा वर्षांनी मोठ्या बहिणीवर लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं, पण त्यानं ते फारच मनावर घेतलं. बाबांनी तिच्यासाठी एक स्थळही पाहून ठेवलं होतं. शिक्षण संपलं की परत जायचं आणि लग्न करायचं, असं सगळं ठरल्यातच जमा होतं. ताईला कुणी विचारलं नव्हतं, आणि ताईही काही बोलली नव्हती.

त्या गुरुवारी बाईंनी सांगितलं, पुढच्या वेळी प्रत्येकानं आपलं सगळ्यांत आवडतं प्रेमाचं गाणं आणायचं. वाजवून दाखवा नाहीतर म्हणून दाखवा, पण ते आपलं का आहे हे इथल्या भाषेत सांगायचं.

वसतिगृहावर परतताना बसमध्येच धाकट्यानं ताईचं गाणं ठरवून टाकलं. जुन्या सिनेमातलं, सगळ्यांच्या घरी चालतं असं. रात्री बसून त्याचा अर्थही त्यानं स्वच्छ अक्षरात लिहून दिला. ताईनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. धाकट्याला वाटलं, काम झालं.

पुढच्या गुरुवारी वर्ग भलताच रंगला. बेकरीवाल्यानं फोनवर एक रडकं गाणं लावलं आणि सांगितलं की या गाण्यावर त्याची बायको त्याला भेटली, पण नाचताना त्यानं तिच्या पायावर इतक्या वेळा पाय दिला की ती दोन दिवस लंगडत होती. नर्स होऊ पाहणाऱ्या एका मुलीनं आपलं गाणं सोडून गेलेल्या माणसासाठी आहे म्हणून सांगितलं, आणि ते इतक्या तावातावानं म्हटलं की शेवटच्या बाकावरचे दोघं घाबरून सरळ बसले. मग बाईंनी ताईकडे पाहिलं.

ताई उठली. पर्स बाकावरच राहिली. फोनवर गाणं लावायला ती पुढे गेली नाही. तिथंच उभी राहून तिनं गायला सुरुवात केली. आवाज काही गोड नव्हता, पण सूर पक्का होता.

शिडी धरून ठेव, अजून रंग बाकी आहे,
खाली उतरलो की मला निघायचं आहे.

कडवं संपलं. बाईंनी नियमाचा विषय काढला नाही, कारण गाण्याला सूट होती. धाकटा बहिणीकडे बघतच राहिला होता. हे गाणं त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं.

मग ताई इथल्या भाषेत सांगू लागली. छोटी छोटी वाक्यं, प्रत्येक वाक्य जागेवर बसलंय ना हे तपासून मग पुढचं. हे गाणं रंगाऱ्यांचं आहे. ती नऊ वर्षांची असताना त्यांच्या घराला रंग द्यायला एक रंगारी आला. दोन खोल्या आणि एक ओटा, चार दिवसांचं काम. ते अकरा दिवस चाललं. तो शिडीवर उभा राहून हे गाणं म्हणायचा आणि खाली शिडी धरायला कुणी नको असतानाही एकजण धरून उभी असायची.

"ती माझी आत्या," ताई म्हणाली. "बाबांची धाकटी बहीण. ती त्याच्याबरोबर गेली. मी पाहिलेलं सगळ्यांत खरं प्रेम तिचं आहे. माझी आत्या फार हिंमतीची आहे."

धाकट्यानं हात वर केला.

"बाई, तिचं चुकलं," तो अडखळत म्हणाला. "आहे नाही. होती म्हणायला पाहिजे. आम्हाला आत्या नाही. म्हणजे, एक होती, ती लहानपणी वारली."

क्रियापदाच्या काळाबाबत बाई नेहमी काटेकोर. त्यांनी ताईकडे वळून हळूच विचारलं, आत्या आता नाही का? मग वाक्य भूतकाळात हवं.

"वाक्य बरोबर आहे," ताई म्हणाली. "आत्या आहे."

"होती," धाकटा म्हणाला.

"आहे. पंचेचाळीस वर्षांची आहे. तिचं पाट्या रंगवायचं दुकान आहे. तिच्या गुडघ्याला त्रास आहे. ती आहे."

आणि मग धाकट्याला इथली भाषा पुरेना. तो घरच्या भाषेत म्हणाला, "ताई, खाली बस."

वर्गाला शब्द कळला नाही, पण आवाज कळला. बेकरीवाल्यानं डस्टर उचललं आणि धाकट्याच्या पुढ्यात ठेवलं. कुणी हसलं नाही. ताईनं उत्तर इथल्या भाषेतच दिलं, बाईंकडे बघत, एकेक शब्द सुटा करून.

"मी बसणार नाही. माझं सांगून झालेलं नाही."

आणि तिनं राहिलेलं सांगितलं. आत्या गेली त्या दिवशी बाबांनी घरात जाहीर केलं की ती मेली. तिचे फोटो गेले, तिचं नाव गेलं. दुसऱ्या महिन्यात ताई भांडी पुसताना हे गाणं गुणगुणत होती, तर बाबांनी तिच्या कानाखाली आवाज काढला. त्यानंतर चोवीस वर्षांत तिनं ते मोठ्यानं म्हटलं नव्हतं. आज म्हटलं. एवढं बोलून ती बसली. बाईंनी काळाची चूक काढली नाही, काढण्यासारखी नव्हतीच.

जिन्यात धाकट्यानं तिला गाठलं. तो संतापलेला होता, पण नक्की कशावर ते त्यालाही सांगता येत नव्हतं. आधी म्हणाला, परक्या लोकांपुढे घरची लक्तरं कशाला काढायची. मग म्हणाला, तुला कसं माहीत ती जिवंत आहे. ताई कठड्याला टेकून उभी राहिली आणि तिनं सांगितलं. चार वर्षांपूर्वी ती ज्या दातांच्या दवाखान्यात कामाला होती, तिथं नवी पाटी रंगवायला एक बाई आली. नाक अगदी बाबांचं. रंगारी तोवर गेलेला होता, तापानं, आणि दुकान ही एकटी चालवत होती. दोघी पाटीखाली उभ्या राहून तासभर बोलल्या. तेव्हापासून महिन्यातून एकदा फोन असतोच.

"चार वर्षं," धाकटा म्हणाला. "आणि मला नाही सांगितलंस?"

"तू बाबांना सांगितलं असतंस."

धाकटा दोन पायऱ्या उतरला आणि वळला. तो म्हणाला, "आताही सांगीन."

"तुझ्या तोंडून नको. रविवारी मीच सांगते."

रविवारी सकाळी घरचा फोन असायचा. धाकट्याच्या खोलीत टेबलावर पुस्तकांना टेकवून फोन उभा केला, की पडद्यावर बाबा दिसत आणि त्यांच्या खांद्यामागून आईचं अर्धं तोंड. जेवण, हवा, अभ्यास एवढं झालं. मग ताईनं सांगितलं की आत्या तिला भेटलेली आहे, दर महिन्याला बोलते आणि यापुढे आपण ते लपवणार नाही.

आईचं अर्धं तोंड पडद्यावरून बाहेर गेलं.

"या घरात तो विषय नाही," बाबा म्हणाले.

"घर तुमचं आहे, बाबा. आत्या माझी आहे."

बाबांनी त्या स्थळाचा विषय काढला. त्या लोकांच्या कानावर गेलं तर काय होईल, याची तिला काही कल्पना आहे का.

"त्यांना मीच कळवते," ताई म्हणाली. "आत्याचंही, आणि मी येत नाही हेही. इथल्या दातांच्या प्रयोगशाळेत मला जागा मिळते आहे. मी ती घेतली."

हे धाकट्यालाही नवीन होतं. बाबा म्हणाले, मग या नंबरवर पुन्हा फोन करू नकोस. ताई म्हणाली की ज्या दिवशी तुम्ही आपल्या बहिणीचं नाव घ्याल, त्या दिवशी मला फोन करा, मी लगेच उचलेन. तिचा आवाज चढला नाही. फोन मात्र तिकडून बंद झाला. ताईनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि धाकट्याला चहा टाकायला सांगितलं. त्यानं टाकला.

बाबांनी ताईला फोन केला नाही. महिना गेला, दोन गेले, पाच गेले. स्थळ मोडलं. आई शेजारणीच्या फोनवरून बोलायची, दोन मिनिटं, तीही खालच्या आवाजात. एकदा तिनं आत्याच्या गुडघ्याची चौकशी केली आणि लगेच फोन ठेवला. कधीकधी कामावरून परत येताना ताईला बाबांच्या खोकल्याची आठवण येई. तरी तिनं तो नंबर फिरवला नाही. धाकटा रविवारी एकटाच घरी बोलायचा. बाबा त्याला ताईबद्दल विचारत नसत आणि तोही सांगत नसे. पण दर वेळी फोन झाल्यावर तो तिच्या खोलीवर येऊन बसायचा, उगाच, काही काम नसताना.

वसतिगृह सोडून बाहेर राहायचं तर सरकारी कचेरीत अर्ज द्यावा लागतो. दोघं एकाच दिवशी गेले. लांबलचक रांग, भिंतीला खिळलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. अर्जात जवळच्या नातेवाइकांचा तक्ता होता: आई, वडील, भावंडं, नवरा किंवा बायको, मुलं. ताईनं तो भरला आणि समासात आडव्या अक्षरात आत्याचं नाव, पत्ता, नातं लिहिलं.

खिडकीतल्या कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. या नात्याला रकाना नाही, तो म्हणाला, समासातलं खोडा.

"खोडत नाही," ताई म्हणाली. "रकाना नसेल तर जोडकागद द्या."

तो म्हणाला, अशी पद्धत नाही. ताई म्हणाली, मी थांबते. मागची रांग चुळबुळायला लागली. ताई खिडकीला कोपर टेकवून उभी राहिली, एखादी दाढ जमेपर्यंत बसते तशी, घाई न करता. शेवटी कारकुनानं खणातून एक कोरा कागद काढला, त्यावर शिक्का मारला आणि तिच्याकडे सरकवला.

तिच्या मागेच धाकटा उभा होता. त्याचा अर्ज भरून तयार होता. तो खिडकीशी वाकला.

"मलाही एक जोडकागद," तो कारकुनाला म्हणाला. मग ताईकडे वळून दबक्या आवाजात विचारलं, "आडनाव कुठलं लावते ती? आपलं की त्यांचं?"

"तिलाच विचार," ताई म्हणाली आणि आपला फोन त्याच्या हातात दिला.

धाकटा रांगेतून बाहेर पडला. खिडकीकडे पाठ करून त्यानं घसा साफ केला, दोनदा. पलीकडून कुणीतरी ताई समजून बोलायला लागलं होतं. तो मध्येच म्हणाला, "नाही, ताई नाही. मी. मी धाकटा. तुम्ही गेल्यावर वर्षानं झालो तो."