न कापलेले टोक

माझ्या पोटातल्या खाचेत, जिथे रायफलची नळी येते, तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा एक गुलाबी ठिपका आहे. नळी बसवली की तो दिसत नाही. त्याच्यावरून पॉलिश पेपर फिरला, जवसाचे तेल फिरले, तरी तो लाकडाच्या रेषेत शिरून राहिला आहे. तो लिपस्टिकचा आहे. जिची ती लिपस्टिक, ती बाई आता हयात नाही.

मित्रांनो, मी एका जुन्या रायफलचा दस्ता आहे; नळीखालच्या खाचेपासून खांद्याला टेकणाऱ्या टोकापर्यंतचे सगळे लाकूड म्हणजे मी. रायफलच्या मानाने मी नवा. पण अर्धवट अवस्थेत इतकी वर्षे काढली, की मलाही आता जुनाच म्हणावे लागेल.

मी एका अखंड लाकडाचा नाही. बर्चच्या झाडाचे पातळ पापुद्रे सोलून, काही करड्या तर काही तपकिरी रंगात भिजवून, एकावर एक गोंदाने चिकटवून, तापलेल्या दाबाखाली माझा ठोकळा तयार झाला. साधे लाकूड ओलाव्याने फुगते, कोरड्या हवेत आकसते आणि वाकते. आमच्यात प्रत्येक थर शेजारच्या थराला धरून ठेवतो. वाकायचे नाही, एवढा एकच गुण घेऊन मी जगात आलो.

कारखान्यातल्या यंत्राने मला कोरले, पण पुरते नाही. पोटातली खाच जवळजवळ झालेली, अंग खरखरीत आणि मागचे टोक गरजेपेक्षा लांब. ते टोक मुद्दामच लांब ठेवतात. ज्याची रायफल, त्याने कोपर दुमडायचे, दस्त्याचे टोक कोपराच्या खळगीत ठेवायचे आणि बोट चापापर्यंत कुठे पोचते ते पाहायचे. त्या मापाने टोक कापले की दस्ता त्या माणसाचा होतो. तोवर तो कुणाचाच नसतो.

मला मागवले आर्वो कोस्कीने. वडिलांची, म्हणजे वाल्फ्रेडची, रायफल घेऊन ओढा ओलांडताना बर्फावरून त्याचा पाय घसरला आणि अक्रोडाचा मूळ दस्ता मुठीत धरायच्या बारीक भागाशी मोडला. वाल्फ्रेडने दोन्ही तुकडे उचलून बाकावर ठेवले. तेव्हा आर्वोने मला टपालाने मागवले आणि वडिलांसमोर खोके उघडून म्हणाला, "बघा बाबा, हिवाळ्यात दोघं मिळून बसवू. पुढच्या मोसमात नव्यासारखी."

त्याच हिवाळ्यात गावातली तांब्याची खाण बंद झाली. आर्वो काम शोधत दक्षिणेकडे ॲरिझोनाच्या खाणीत गेला. जाताना मला पुन्हा खोक्यात ठेवून त्याने खोके कामाच्या बाकाखाली सरकवले.

मित्रांनो, खोक्याच्या आत वर्ष कळत नाही, ऋतू मात्र कळतात. छपरावरचा बर्फ खाली कोसळला की वसंत. नोव्हेंबर आला की अंगणात गाड्या थांबत, माणसे मोठ्याने हसत, कॉफी आणि वेलदोड्याच्या निसू पावाचा वास खोक्याच्या फटीतून आत येई. पंधरा तारखेला शिकारीचा मोसम उघडे आणि शाळासुद्धा बंद ठेवून सगळा गाव हरणांच्या मागे जंगलात जाई. आणि त्याच्या आदल्या आठवड्यात दर वर्षी फोन वाजे. ठेवल्यावर वाल्फ्रेड म्हणे, "ह्या वर्षी नाही जमत त्याला. पुढच्या वर्षी नक्की."

जंगलात कोस्की घरातल्या प्रत्येकाची हरणाची वाट पाहत बसायची जागा ठरलेली होती. आर्वोची जागा टेकाडाखाली, हेमलॉकच्या बुंध्यापाशी. तो गेल्यावर तिथे कुणी बसले नाही. हे मी पाहिलेले नाही, ऐकले आहे. वाल्फ्रेड सकाळी तिथवर चालत जाई, बर्फातले खुरांचे ताजे ठसे पाही आणि परत येई.

वाल्फ्रेडची मुलगी लेम्पी गावातच राहिली होती. ती रस्त्यावरचा बर्फ सारणारी मोठी गाडी चालवे. आई सिल्वी आजारी पडली तेव्हा तिने आईचे केले, आई गेल्यावर बापाचे करू लागली. मोसमात ती शेजारच्या ओनी हौटालाची जुनी रायफल मागून नेई. ती तिला लांब पडे. खांद्याऐवजी धक्का दंडावर बसे आणि आठवडाभर तिथे काळानिळा डाग राही.

आईच्या जाण्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिने खोके उघडले.

"त्याला हात लावू नकोस," वाल्फ्रेड म्हणाला. "ते आर्वोचं काम आहे."

"आर्वोचं काम उंदरांनी सुरू केलंय, बाबा. खोक्याचा कोपरा बघा."

त्याने कुरतडलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवले. मग म्हणाला, "खाच कर. टोक कापायचं नाही."

माझे चांगले दिवस म्हणजे त्यानंतरचे दोन महिने. खाच बसवताना नळीच्या खालच्या बाजूला रंग लावतात, नळी खाचेत दाबतात आणि उचलतात. लाकडावर जिथे रंग उमटला, तिथे लाकूड उंच आहे. तेवढेच पटाशीने खरवडायचे. पुन्हा रंग, पुन्हा दाब. लेम्पीने रंग म्हणून आईची लिपस्टिक आणली.

वाल्फ्रेडने ती ओळखली. "सिल्वीची आहे ही."

"हो. लग्नं आणि अंत्यविधी सोडून तिनं कधी लावली नाही. निम्मी शिल्लक आहे."

"काजळी लाव ना. सगळे काजळी लावतात."

"काजळी पसरते. ही नेमकी उमटते." तिने लिपस्टिकचे टोपण काढले. "आणि मला आवडतं तिचं काहीतरी हातात असलेलं."

 त्या दिवसापासून वाल्फ्रेड खुर्ची ओढून बाकाशी बसू लागला. त्याचे हात थरथरत, म्हणून पटाशी तो धरत नसे; फक्त बोट दाखवी. "तिथं. नाही, अलीकडे. हां, तेवढंच." खाच पुरी झाली तेव्हा नळी कुठे घासत नाही ना हे पाहिले; एक डॉलरची नोट नळी आणि माझ्यामधून पुढून मागेपर्यंत अडकल्याशिवाय सरकली. लेम्पीने नोट बापाच्या हातात दिली आणि त्याने ती पुन्हा एकदा स्वतः सरकवून पाहिली. शेवटचा गुलाबी ठिपका तिने खरवडला नाही. लिपस्टिक संपली होती.

मग अंगाला पाणी लावून, उठलेले तंतू घासून, पुन्हा पाणी लावून तिने मला गुळगुळीत केले. पुढच्या उन्हाळ्यापासून थरावर थर जवसाचे तेल चोळले. खाचेलाही चोळले. फक्त मागचे टोक कोरडे ठेवले. जे कापायचे आहे त्यावर तेल कशाला घालवायचे, असा तिचा हिशेब. कधी कापायचे, हे मात्र कुणी विचारत नव्हते.

ओनी हौटाला कॉफीला आला की विचारी. "काय रे वाल्फ्रेड, बंदूक करतोयस की वल्हं? ह्या लांबीनं तर सरोवर पार करशील."

"आर्वोचे हात लांब आहेत," वाल्फ्रेड म्हणाला.

"ॲरिझोनातून इथवर पोचण्याइतके नाहीत."

लेम्पी कपात साखर ढवळत राहिली. ती साखर घेत नसे.

मित्रांनो, आता माझ्या आयुष्यातली वाईट गोष्ट सांगतो. तिच्यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता. त्या गावात प्रत्येक घरामागे सौना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घेण्याची लाकडी खोपी, असते आणि प्रत्येक दुखण्यावर सौना हाच इलाज. सर्दी झाली, सौना. पाठ धरली, सौना. भांडण झाले तर दोघांना सौनात बसवतात. लेम्पीने मला तेल वाळायला सौनाच्या बाहेरच्या खोलीत, कपडे टांगतात तिथे, खिळ्याला टांगले होते. तिथली हवा कोरडी आणि उबदार असते. तिचे चुकले नाही. पण नोव्हेंबर जवळ आला होता. तेल अजून बोटाला लागते, हे वाल्फ्रेडने पाहिले. शनिवारी त्याने शेगडी पेटवली, मला खिळ्यावरून काढले आणि आतल्या खोलीत, सगळ्यांत वरच्या बाकावर नेऊन ठेवले. लवकर वाळेल म्हणून. मग तो स्वतः खालच्या बाकावर बसला आणि सवयीने तापलेल्या दगडांवर पाण्याचे पळे ओतत राहिला.

तेल लावलेल्या अंगाला वाफेने काही केले नाही. कोरड्या ठेवलेल्या टोकातून मात्र ती आत शिरली. थर फुगले, मग शेगडीच्या धगीने झटकन आकसले. तिसऱ्या आणि चौथ्या थरामधला गोंद सुटला. आवाज फार झाला नाही. सुकी काडी मोडावी इतकाच. वाल्फ्रेडने मान वर करून पाहिले. म्हातारपणी कान मंद होतात म्हणतात, पण तो आवाज त्याने ऐकला.

सकाळी त्याने मला स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवले. ओनीही आला होता. लेम्पी पास्टीची, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंजीची, कणीक तिंबत होती.

"मी केलं हे," वाल्फ्रेड म्हणाला.

तिने हात पुसले, टोक खिडकीकडे धरले. केसाएवढी फट दोन बोटे आत गेली होती. मग मला खाली ठेवून ती पुन्हा कणीक तिंबू लागली.

ओनीने चष्मा चढवला. "गोंद भर, मागं लाकडाची चकती जोड, वर रबराची गादी. लांबी राहील, आर्वोचं माप राहील. पण गोळी सुटली की धक्का आधी तिथंच बसणार. एक मोसम टिकेल, फार तर दोन."

"आणि कापलं तर?" वाल्फ्रेडने विचारले.

"फट जाईल. पण मग आर्वोला आखूड."

भिंतीवरचा फोन वाजला. तो कुणाचा, हे तिघांना ठाऊक होते. लेम्पीने उचलला आणि बापाकडे दिला. वाल्फ्रेड ऐकत राहिला. "हो. हो, इथं बर्फ पडलाय. नाही, काही नाही. तब्येत जप." त्याने फोन ठेवला. ह्या वेळी 'पुढच्या वर्षी नक्की' असे तो म्हणाला नाही.

मित्रांनो, मला वाकायचे नाही म्हणून बनवले, आणि मी वाकलो नाहीच. फुटलो मात्र तिथे, जिथे मला कुणी काही लावले नाही, कारण तेवढा भाग न येणाऱ्या माणसासाठी राखून ठेवला होता. तुमच्या घरात अशी एखादी वस्तू असेल, किंवा माणूस असेल, जे कुणा दुसऱ्याच्या वाटेवर डोळे लावून कोरडे ठेवले आहे, तर एकदा जवळ जाऊन पाहा. फट बारीक असते. उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नाही.

वाल्फ्रेड खुर्चीतून उठला. "लेम्पी, इकडे ये. हात दुमड."

"बाबा, माझे हात कणकेचे आहेत."

"असू देत."

तिने कोपर दुमडले. त्याने माझे टोक तिच्या कोपराच्या खळगीत टेकवले. तिचे बोट चापाच्या जागेच्या बरेच अलीकडे राहिले. मग त्याने मला मागे सरकवत नेले, थांबला, पुन्हा किंचित सरकवले. आता बोट बरोबर पोचले, आणि कणकेचा पांढरा ठसा माझ्यावर उमटला. फट जितकी आत गेली होती, त्याच्या जरासे पुढे तिच्या कोपराची घडी आली होती. त्याने तिथे पेन्सिलची रेघ ओढली. ती वाकडी आली. ओनीने त्याच्या हातातून पेन्सिल घेतली, पट्टी लावली आणि सरळ रेघ ओढून दिली.

"तुझे दंडाचे डाग मला दिसत होते," वाल्फ्रेड म्हणाला. "दर वर्षी."

लेम्पीने मान खाली घातली. बाहेर बर्फ सारणारी कुणाची तरी गाडी गेली. आज तिची पाळी नव्हती.

"करवत आण, ओनी," तो म्हणाला. मग, जणू भिंतीवरच्या फोनलाही ऐकू जावे अशा आवाजात, "आर्वो येणार नाही. लेम्पीच्या मापानं काप. आणि पंधरा तारखेला हेमलॉकपाशी ती बसेल."