लाल पेन्सिल आणि न पाहिलेली विमानं

मी लाल पेन्सिल आहे आणि आज स्वतःबद्दल बोलणार आहे. आजवर दुसऱ्यांबद्दलच बोलले, तेही फक्त वाईट.

कारखान्यातून आम्ही बाराजणी एका खोक्यात निघालो. बाकीच्या अकरा कुठे गेल्या ठाऊक नाही, मी सरांच्या खिशात आले. सर म्हणजे निवृत्त शिक्षक. शाळा सुटली तरी त्यांचं शिकवणं सुटलं नव्हतं. शिकवणं तरी कसं म्हणू, चुका धरणं म्हणा.

सर विमानप्रेमी मंडळाचे अध्यक्ष. मंडळ म्हणजे सातआठ माणसं, दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या गच्चीवर जमणारी. समोर मोकळं मैदान, त्याच्या पलीकडे विमानतळाची धावपट्टी. दुर्बिणी, चहाचा थर्मास आणि एक जाडजूड नोंदवही. विमान दिसलं की त्याचा क्रमांक वाचायचा, वेळ टाकायची, जे पाहिलं ते लिहायचं. नियम एकच: स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेच स्वतःच्या हाताने लिहायचं. ऐकीव चालणार नाही. नियम सरांनीच केलेला.

सगळ्यांचं लिहून झालं की सर वही मांडीवर घेत आणि मला बाहेर काढत. मग काय विचारता. ‘उड्डाण’चं ‘उडाण’, ‘धावपट्टी’ची ‘धावपटी’, ‘इंधन’चं ‘इंदन’. आगमन आणि निर्गमन यांत तर निम्मं मंडळ गोंधळायचं. विमान समोर उतरायचं आणि वहीत त्याचं निर्गमन व्हायचं. सलूनवाले दादा ‘वैमानिक’ दर वेळी नव्या तऱ्हेने चुकवत, तीही एक कलाच. प्रत्येक चुकीभोवती मी गोल काढायची. ज्याचे गोल जास्त, त्याने मागच्या पानावर बरोबर शब्द पाचदा लिहायचा. नातवंडं असलेली माणसं खाली मान घालून लिहीत बसत. मला लाज वाटायची, पण पेन्सिलीला कोण विचारतो.

सगळ्यात जास्त गोल काकूंचे. काकू मागच्या गल्लीतल्या लाँड्रीत हॉटेलच्या चादरींना इस्त्री करतात. चौथीत शाळा सुटली असं म्हणतात. खरं तर सोडायला लावली, धाकटी भावंडं सांभाळायला. पण नजर अशी की बाकीचे दुर्बीण लावून ‘सात की एक’ करत असताना यांचा क्रमांक लिहून झालेला असायचा. एकदा त्यांनी लिहिलं: ‘वीमान जुनं. डाव्या पंख्याचं टोक नवं बसवलंय, तिथला पांढरा जास्त पांढरा आहे.’

हे गच्चीवर दुसऱ्या कुणालाच दिसलं नव्हतं. चादरीवरचा डाग हुडकणारे डोळे ते. सरांनी काय करावं? ‘वीमान’भोवती गोल, ‘पंख्या’भोवती गोल, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “काकू, हे उडतंय की छताला टांगलंय?”

सगळे हसले. काकूही हसल्या. “असू दे सर, उन्हाळ्यात उपयोगी पडेल.” पण त्यांचा अंगठा पानावर घट्ट दाबला गेला होता, आणि मी त्याच पानावर टेकलेली होते.

आता सरांचं गुपित सांगते. त्यांना मोतीबिंदू झाला होता. जवळचं अक्षर दिसायचं, लांबचं सगळं धूसर. घरी सून म्हणायची, “बाबा, ऑपरेशन उरकून घेऊ या.” सर म्हणायचे, “मला काय धाड भरलीय?” सहा महिने त्यांना विमान म्हणजे एक सरकता ठिपका होता, तरी त्यांच्या नोंदी बिनचूक. कारण काकू शेजारी उभ्या राहून, स्वतःशी बोलल्यासारखं, क्रमांक आणि रंग पुटपुटायच्या. सर तेच लिहायचे. काकूंना सगळं ठाऊक होतं. सरांना वाटायचं, कुणालाच ठाऊक नाही. मोठ्या माणसांना असं नेहमीच वाटतं.

मग सरांना यादीची हुक्की आली. ‘विमानप्रेमींच्या नेहमीच्या चुका’ असा मोठा कागद तयार करून त्यांनी वाचनालयाच्या दारावर लावला. चुका लाल अक्षरांत, म्हणजे माझंच अंग झिजवून. सव्वीसपैकी वीस काकूंच्या, उदाहरणाला त्यांची वाक्यं जशीच्या तशी. नाव लिहिलं नाही, एवढाच काय तो सरांचा मोठेपणा.

त्या रविवारी काकू आल्या नाहीत. पुढच्या रविवारीही नाहीत. सर रिकाम्या जागेकडे कान लावून उभे. एक विमान गेलं. त्यांनी अंदाजाने लिहिलं: हिरवी शेपटी, आगमन. सलूनवाल्या दादांनी वहीत डोकावलं.

“सर, निळी होती. आणि आलं नाही, गेलं.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सर लाँड्रीत गेले. आत वाफच वाफ. काकूंनी इस्त्री थांबवली नाही.

“काकू, येत का नाही?”

“वेळ नसतो.”

“रविवारी तर सुट्टी असते तुम्हाला.”

“सर, माझी पोरगी त्याच वाचनालयात अभ्यासाला बसते. तिच्या मैत्रिणी दारावरचा कागद वाचून हसत होत्या. लाजेने तीही हसली. घरी येऊन रडली. म्हणाली, आई, मी पण हसले.” काकूंनी चादर उलटली. “माझं काही नाही हो, माझ्यावर मीही हसते. पण तुम्ही पोरीला हसायला लावलंत.”

“कागद आजच काढतो.”

“कागद काढालच. तुम्हाला दिसत नाही, हे एकदा सगळ्यांसमोर सांगा. मग येते.”

सर दारापर्यंत जाऊन परत आले. “तुम्ही मुद्दाम बोलायचात का, मला ऐकू यावं म्हणून?”

“मग काय विमानाशी गप्पा मारत होते?”

त्या आठवड्यात सरांनी आपल्या सहा महिन्यांच्या नोंदी उघडल्या. एकेका नोंदीभोवती गोल, आणि समासात तीन शब्द: ‘स्वतः पाहिलेले नाही’. एकसष्ट वेळा. सर दाबून लिहीत होते, मी दोनदा मोडले, चारदा टोक काढावं लागलं. आज मी बोटाच्या पेराएवढी उरलेय ती त्यामुळे. इतकी वर्षं झिजले, पण कामाला आले ती त्या दिवसांत.

रविवारी सरांनी सगळ्यांसमोर उभं राहून त्या नोंदी वाचल्या. काकू जिन्याच्या दाराशी होत्या, शेजारी मुलगी. सर म्हणाले, “नियम मी केला, मोडलाही मीच. गुरुवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे. तोवर मी वहीला हात लावणार नाही.”

सलूनवाले दादा म्हणाले, “बरं, मग बसा तरी. चहा गार होतोय.”

आता मी चिमटीत धरण्याएवढीही उरले नाही, तेव्हा निरोप घेते. जाताना मोठ्यांना एवढंच सांगते: चूक दिसली तर खुशाल गोल काढा, पण आधी वाक्य पुरतं वाचा. कुणीतरी तुम्हाला न दिसलेलं काहीतरी सांगत असतं. आणि तुमचं वय झालंय म्हणून तुमची चूक लहान होत नाही.

हो, त्याच रविवारचं एक राहिलं: चहा चालू होता, मी सरांच्या खिशात होते, तेव्हा एक विमान वर चढलं.

“काकू, सांगा,” सर म्हणाले.

“क्रमांक?”

“नको. कसं दिसतंय ते.”

काकू पुढे झाल्या. “चाकं आत घेतंय. पोटाचा रंग विटलाय, शंभरदा धुतलेल्या चादरीसारखा. वळतंय आता... ऊन पडलं बघा त्याच्या पंख्यावर.”

सर डोळे मिटून ऐकत होते. मुलीने विमानाकडे पाहिलंच नाही. ती आईकडे बघत होती.