हात तुमचा, दोरा तुमचा

स्टाफरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मागचे लोक खुर्च्यांवर चढले होते, शिपाई दारात खोळंबले होते. टेबलावर ऑफिसातल्या पाच जणांचे फोटो मांडलेले, आणि गणिताच्या सरांच्या हातात दोऱ्याला बांधलेला पितळी लंबक. चार फोटोंवर तो गप्प राहिला. पाचव्यावर, नव्या टायपिस्टच्या फोटोवर, गरागरा फिरू लागला.

"शपथ घेऊन सांगतो, मी हलवला नाही हो!" सर ओरडले. त्यांच्या आधी लंबक धरलेल्या ग्रंथपालांनी आणि हेडक्लार्कनीही हेच सांगितलं होतं.

"नाहीच हलवलात!" सल्लागार महाशय गरजले. "हात तुमचा, दोरा तुमचा, मी चार हात लांब! मनाच्या लहरी भिंतीतूनसुद्धा गुन्हेगाराला गाठतात. अंतर्मन खोटं बोलत नाही!"

परीक्षेचा पेपर फुटला होता, म्हणून प्राचार्यांनी या मानसतज्ज्ञाला बोलावलं होतं. टायपिस्ट भिंतीला टेकून उभी होती. पेपर तिनेच टाइप केलेला, नोकरी कच्ची. तिला काढून टाकायचं पत्र प्राचार्यांनी तयारच ठेवलं होतं. असा शिक्का बसलेल्या मुलीला पुन्हा कुठल्या ऑफिसात कोण उभं करणार?

मानसशास्त्राच्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा गृहस्थ एकेकाळी त्यांच्याच विभागात शिकवायचा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना हाच प्रयोग दाखवायचा: दोऱ्याला अंगठी बांधा, ती फिरणार असं मनात आणा, फिरते. का फिरते तेही फळ्यावर लिहून द्यायचा. मग डॉक्टरेट झाली, कंपन्या नोकरभरतीसाठी बोलावू लागल्या. सुरुवातीला खऱ्या चाचण्या घेऊन जाई. पण चाचणी म्हणते "बहुधा", "सांगता येत नाही", आणि साहेबांना हवं असतं बोट दाखवून एक नाव. तेव्हा चाचण्या माळ्यावर गेल्या आणि अंगठीचा लंबक झाला. अडाण्याने केलं असतं तर बाईंनी समजूत घातली असती. याला सगळं ठाऊक होतं, आणि तरी तो एका पोरीच्या पोटावर पाय देत होता.

"फोटो पाकिटात घालून पाहू," बाई म्हणाल्या. "भिंत चालते, तर कागदाची काय अडचण?"

महाशय चपापले, पण आता माघार कशी घेणार? बाईंनी पाठ फिरवून पाकिटं भरली आणि "हे हेडक्लार्क, हे टायपिस्ट" असं सांगत एकेक मांडलं. नावं ऐकून महाशयांचा जीव भांड्यात पडला.

सरांनी पुन्हा दोरा धरला. टायपिस्टच्या पाकिटावर लंबक आधीपेक्षा जोरात फिरला.

"उघडा," बाई म्हणाल्या.

आतून निघाला सल्लागार महाशयांचाच हसरा फोटो, त्यांनी दारात वाटलेल्या जाहिरातीतून कापलेला. खुर्चीवरचा एक जण हसताहसता खाली आला.

"फसवणूक! बाईंच्या नकारात्मक लहरींनी..."

"कसल्या लहरी? थाप मारली मी. टायपिस्टचा फोटो माझ्या पर्समध्ये आहे." बाई सरांकडे वळल्या. "सर, तुम्ही खोटं बोलला नाहीत. मनात आलं की बोटं जराशी हलतात, आपल्याला कळतही नाही. वर एवढंसं हललं की दोऱ्याच्या टोकाला गरगर दिसते. लंबकाला चोर ठाऊक नव्हता. तुमचं मात्र आधीच ठरलं होतं. पेपर कोणी फोडला ते मलाही माहीत नाही. ते विचारून, तपासूनच शोधावं लागतं. कपाटाच्या चाव्या कोणाकडे असतात, एवढं तरी कोणी विचारलं?"

कोणीच विचारलं नव्हतं. प्राचार्य खिशातला जुडगा चाचपू लागले.

महाशयांनी लंबक गुंडाळला आणि कोणाकडे न बघता बाहेर पडले. प्राचार्यांनी पत्र फाडलं. "झालं गेलं विसरून जा, बाळ."

"नाही विसरणार," टायपिस्ट म्हणाली. "लंबक फिरवणारे तिघंही इथंच आहेत. सगळ्यांसमोर सांगा, हात कोणाचा होता."

आयुष्यभर मुलांकडून सिद्धता मागणारे गणिताचे सर मान खाली घालून पुढे आले.

"हात माझा होता," ते म्हणाले.

मग ती ग्रंथपालांकडे वळली.