वरच्या फळीवरची बाटली

मी एक जुनी लाकडी शिडी आहे आणि माझे सारे आयुष्य उंची मद्याच्या दुकानात गेले. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका! मला स्वतःला एक थेंबही शिवलेला नाही.

एका सुताराने मला या दुकानाच्या मापाने घडवले. वर्षानुवर्षे मुरलेल्या बाटल्या सर्वांत वरच्या फळीवर असत आणि माझ्याशिवाय तिथे कुणाचा हात पोचत नसे. चढताना मालक मला थोपटत, "सांभाळ गं बाई!" म्हणत. त्यांच्या नाकाची गावभर ख्याती होती. नुसत्या वासावरून ते द्राक्षांना ऊन किती लागले होते, तेही सांगत. गिऱ्हाईक बाटलीसाठी येई आणि गप्पांसाठी रेंगाळे.

मग ती साथ आली. शटर खाली ओढले गेले आणि माझ्यावर फक्त धूळ चढू लागली. पुढे परवानगी मिळाली, तीही फोनवर मागणी घेऊन घरपोच पाठवण्यापुरती. आणि गंमत बघा, समारंभ बंद झाल्यामुळे पार्ट्यांची खोकी तशीच पडून राहिली; पण घरात अडकलेली माणसे वरच्या फळीवरची एकेक बाटली मागू लागली. "वाढदिवस आहे, दोघंच आहोत, काहीतरी खास पाठवा," असे फोन येत. इतके काम मी जन्मात केले नव्हते.

तेवढ्यात मालक आजारी पडले. दवाखान्यातून परतले ते अगदी वाळून. लेकीने हौसेने एक बाटली उघडून पेला त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वास घेतला. पुन्हा घेतला.

"पाणी आहे का गं हे?"

लेकीचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून मालक फोन उचलेनात. "नाकच गेलं. कशाच्या जिवावर दुकान चालवू? विकून टाकू," म्हणाले.

एका दुपारी लेकीने फोन सरळ त्यांच्या कानालाच लावला. दवाखान्यातली नर्स बोलत होती.

"काका, तापात तुम्ही बाटल्यांची नावं बडबडायचात. त्यातली एक मला पाठवा ना. कितीतरी दिवसांनी सुट्टी मिळालीय."

"मला वास येत नाही, बाई. मी काय निवडणार?"

"तुम्ही निवडा हो! वास मी घेते आणि तुम्हाला सांगते."

मालकांनी फोन लेकीच्या हातात दिला. मग उठले. "बाबा, थांबा, मी चढते," लेक म्हणत होती, तोवर त्यांचे पाऊल माझ्यावर पडलेसुद्धा. एकेक पायरी ते वर चढू लागले. लेकीने मला घट्ट धरले. मला मूठ असती, तर मीही जीव मुठीत धरला असता.

दुसऱ्या दिवशी नर्सचा फोन आला. "काका, आधी काहीच कळलं नाही. मग पेन्सिलीला टोक करताना येतो ना, तसा वास आला!"

"बरोब्बर!" मालक ओरडले आणि हसता हसता डोळे पुसू लागले.

दुकान राहिले. मालकांचे नाक हळूहळू परतले, पण अर्धेच. उरलेले काम लेक करते. गिऱ्हाइके मात्र फोनवरच राहिली. पटापट पाठवता याव्यात म्हणून बाटल्या खाली, हाताशी आल्या आणि माझी रवानगी मागच्या ओलसर खोलीत झाली.

मित्रांनो, आजारातून उठलेल्या माणसाला नुसते "आराम करा" म्हणत बसू नका. त्याच्या हातचे काहीतरी मागा. आणि माझ्यासारखे जुने लाकूड ओलीत टाकण्यापूर्वी जरा तेल पाजून बघा. अजून पुष्कळ वजन पेलते मी.